एका गुणाला दहा पाउंड

ऱ्हस्व-दीर्घ मला आजही नीट कळत नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायचं म्हणजे सामानाची यादी, नाहीतर गिऱ्हाइकांच्या कपड्यांची मापं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. मुलीच्या हाती लागली तर काळजी नाही, तिला मराठी वाचता येत नाही. म्हणून तर इतकं मोकळं लिहिते आहे.

मला त्या एका उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे, जेव्हा घरभर लाल माती होती.

मी बर्मिंगहॅममध्ये घरातच शिवणकाम करते. चेन बदलणं, पँट आखूड करणं, असलं. एकदा स्पीडवे, म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या क्लबमधली एक बाई रायडरचा फाटलेला सूट घेऊन आली. कापड इतकं जाड की माझ्या मशीनच्या तीन सुया तुटल्या. उरलेला मी हाताने शिवला. ती खूश झाली. मग एकेक करत सगळ्यांचे सूट येऊ लागले. पुढच्या मार्चमध्ये तिने विचारलं, वरची खोली रिकामी आहे ना, एक रायडर ठेवशील का? हे गेल्यापासून ती खोली बंदच होती. नाही म्हणायला मला कधी जमलं नाही. या वेळी न जमल्याचं बरंच झालं.

तो डेन्मार्कचा. तिशी ओलांडलेला, उंच, माझ्यासारखाच कमी बोलणारा. आमचं बोलणं इंग्रजीत, माझ्याही मोडक्या आणि त्याच्याही. मला आंटी म्हणायचा. वरण-भातावर बटर घालून खायचा आणि ताट स्वतः धुवायचा. आठवड्यात एकदा आमच्या क्लबसाठी गाडी पळवायचा आणि अधूनमधून शनिवारी जागतिक स्पर्धेच्या फेरीला जायचा, कधी पोलंड, कधी स्वीडन. जगातले पंधरा-सोळा जण निवडतात, त्यात हा होता. त्याच्या व्हॅनमध्ये कपड्यांपेक्षा चाकं जास्त होती.

एप्रिलमध्ये तो मला पहिल्यांदा ट्रॅकवर घेऊन गेला. शहराच्या कडेला कुत्र्यांच्या शर्यती होतात, तेच मैदान. लंबगोल रस्ता, त्यावर लाल खडीची माती. चार जण, चार फेऱ्या, सगळ्यांनी डावीकडेच वळायचं. एका मिनिटात शर्यत संपते. गाड्या सुटल्या आणि एक वास आला, आणि मी एकदम माहेरच्या माजघरात जाऊन पोचले. एरंडेल. इंजिनात एरंडाचं तेल घालतात, हे मला नंतर कळलं. आई महिन्यातून एकदा नाक दाबून पाजायची ते. इथे इतक्या वर्षांनी ते वास होऊन माझ्या स्वेटरला बिलगलं.

वळणावर गाड्या आडव्या होतात. मागचं चाक घसरत बाहेर जातं, पुढचं भलतीकडे बघत असतं, रायडरचा डावा पाय बुटाच्या लोखंडी तळव्यावर मातीतून सरकत जातो, आणि तरी सगळं वाहत असल्यासारखं वळतं. लाल, निळं, पांढरं, पिवळं हेल्मेट. मागे मातीचा पडदा उडतो आणि संध्याकाळच्या उन्हात सावकाश खाली बसतो. माझ्या चहाच्या कपातही बसला. मी तो तसाच प्यायले.

"गाडीला ब्रेक कुठे असतो?" परतताना मी विचारलं.

"नसतो."

"मग थांबतोस कसा?"

"मला आत्तापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला.

माझ्या शेजारी एक म्हातारी बसायची, पूर्वी बस चालवणारी. तिने मला प्रोग्रॅम भरायला शिकवलं. प्रोग्रॅम म्हणजे छोटं पुस्तक. त्यात प्रत्येक शर्यतीची चौकट छापलेली असते आणि प्रेक्षकांनी पेन्सिलीने गुण भरायचे. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. "घाबरतेस काय, बॅब," ती म्हणाली (बॅब म्हणजे इथल्या बोलीत बाळा), "चारच आकडे आहेत." अक्षरांची मला भीती वाटते, आकड्यांची नाही. मापं घेऊन घेऊन आकडे माझे सुबक झालेत. दोन आठवड्यांत आमच्या रांगेतली माणसं आपले प्रोग्रॅम माझ्याशी ताडून बघू लागली.

मेच्या शेवटी त्याचं चांगलं इंजिन फुटलं. तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून होता. पुढच्या फेरीला दोन आठवडे, आणि इंजिन बांधून देणारा आधी पैसे मागत होता. रायडरला पगार नसतो, गुणांवर पैसे मिळतात, आणि ते सुटे भाग, टायर, तेल यांत जातात. त्याने माझ्याकडे मागितले नाहीत. मीच विचारलं, किती लागतील? अठराशे पाउंड. माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात तेवढेच होते, थोडे वर. जाड कापड शिवणारं मोठं मशीन घ्यायचं म्हणून साठवले होते. मी डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याने ठरवून टाकलं. मिळालेल्या प्रत्येक गुणाला दहा पाउंड. सोमवारी सकाळी साखरेच्या डब्याखाली.

मुलगी ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. तिला कळल्यावर तिने फोन केला, तिच्या मोडक्या मराठीत.

"आई, तू त्याच्याकडून काही लिहून घेतली का?"

"आहे की. प्रोग्रॅम आहेत."

"तो काँट्रॅक्ट नसते, आई."

"त्यात सगळे आकडे आहेत."

"पेन्सिलने?"

"रबर माझ्याकडेच आहे," मी म्हणाले. ती हसली, पण तिचा जीव काही भांड्यात पडला नाही.

जूनभर सगळं छान चाललं. नवं इंजिन गोड आवाजाचं होतं. बाहेरच्या देशातली फेरी असली की मुलगी माझ्याकडे येऊन लॅपटॉप लावायची आणि मी वहीच्या पानावर चौकटी आखून गुण भरायची. झोपेत मला ते चार रंग फिरताना दिसायचे, आवाज न करता, कुठेही न पोचता. सकाळी त्याचा सूट बाथटबमध्ये भिजत टाकला की पाणी कुंकवासारखं व्हायचं. मी तासभर हात बुडवून बसायची. काम कमी, बसणंच जास्त.

मग हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिसरा असताना तो दुसऱ्याच्या आणि कुंपणाच्या मधून घुसायचा. माणूस जेमतेम मावेल एवढी फट. आधीही घुसत असेल. पण आता तो घुसला की माझ्या मनात येई, हे दहा पाउंड. लोक उभे राहून ओरडत, आणि मला वाटे की त्याला त्या फटीत मीच ढकललं. मशीन नको, डबा नको, याने नीट घरी यावं एवढंच मी पेन्सिल घट्ट धरून मागायची. त्याला मात्र सांगता येईना. सांगायचं म्हणजे पैशांचा विषय काढायचा.

ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धेची फेरी इथे ब्रिटनमध्येच होती. छप्पर असलेलं प्रचंड स्टेडियम, फुटबॉलच्या गवतावर ट्रकने माती आणून टाकलेली. मुलगी मला घेऊन गेली. इतकी माणसं, इतके झेंडे, आणि आत कोंडलेला तो एरंडेलाचा वास. तिसऱ्या शर्यतीत तो तशाच एका फटीत घुसला, आणि फट मिटली. गाडी कुंपणावर चढली. तो मातीत आडवा पडला. ते हजारो झेंडे खाली आले. मुलीने माझा हात धरला होता, हे मला नंतर कळलं.

तो उठला. हात वर केला. आणि थोड्या वेळाने डावं मनगट बांधून पुढच्या शर्यतीला आला. त्यात तो शेवटचा.

मी खाली मान घालून प्रोग्रॅम भरला. पडला त्या चौकटीत शून्य लिहायचं, मी दोन लिहिले. शेवटचा आला तिथे एक. ते तीस पाउंड मी घेणार नव्हते, नुसते फिटले असं धरणार होते. मुलीने ते पाहिलं. जन्मात मी कुणाच्या कपड्याचं माप खोटं लिहिलं नव्हतं.

सोमवारी त्याने प्रोग्रॅम उघडला. मी पोळ्या लाटत होते.

"आंटी, त्या शर्यतीत मी दुसरा नव्हतो. मी जमिनीवर होतो."

"माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चुकलं असेल."

"तुमचे आकडे चुकत नाहीत. सगळी रांग तुमच्यावरून लिहिते."

पोळी तव्यावर फुगली आणि करपली. मी गॅस बंद केला. "पैशांसाठी पडू नकोस," मी म्हणाले. एवढंच. पण एवढं बोलायला मला दोन महिने लागले होते.

त्याने आपल्या बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं. "मी अकरा वर्षांचा असल्यापासून पडतोय," तो म्हणाला. "तेव्हा तुमची ओळख नव्हती." मग त्याने रबर मागितला. दोन्ही आकडे खोडले आणि आपल्या हाताने शून्यं काढली, अगदी गोल. "करपलेली मला द्या," म्हणाला, आणि खाल्ली.

त्यानंतर तो सावध झाला असं मी म्हणणार नाही. सप्टेंबरात शेवटची जागतिक फेरी झाली आणि पुढच्या वर्षी त्या पंधरा-सोळांत राहण्यासाठी जितकं वर यायला हवं, त्याच्या थोडा खाली तो राहिला. परत आला तेव्हा "वरण आहे?" एवढंच विचारलं. त्या रात्रीचं वरण मी घट्ट केलं होतं, त्याला आवडतं तसं.

ऑक्टोबरात आमच्या ट्रॅकवरची शेवटची संध्याकाळ. दिवे लवकर लागले होते, धुकं मैदानात उतरून बसलं होतं. पन्नास पाउंड उरले होते, म्हणजे पाच गुण. तीन शर्यतींत चार झाले. चौथ्या शर्यतीत तो तिसरा होता. तिसऱ्या फेरीत पुढच्याच्या बाहेरून एक फट उघडली. मला दिसली, म्हणजे त्यालाही दिसली असणार. तो गेला नाही. मातीचा पडदा मागे सोडत, धुक्यातून, आरामात वळत राहिला. पुढचा वेगवान होता की काय, मी कधी विचारलं नाही. डबा दिल्यापासून पहिल्यांदाच मी पूर्ण शर्यत डोळे उघडे ठेवून पाहिली. चौकटीत एक लिहिला. शेजारची म्हातारी म्हणाली, "बॅब, रडतेस काय, तिसराच तर आला."

सकाळी व्हॅन भरून झाली. त्याने जूनपासूनचे सगळे प्रोग्रॅम आणि माझी वहीची पानं टेबलावर मांडली आणि आम्ही दोघांनी बेरीज केली, तो त्याच्या भाषेत पुटपुटत, मी माझ्या. एकशे ऐंशी. मग त्याने साखरेचा डबा उचलला आणि खाली शेवटचे पन्नास पाउंड ठेवले. अठराशे पुरे झाले.