कुरखेडा ओके

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चंद्रपुरात टेलिफोन एक्स्चेंजची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रामर होतो. सावली, चामोर्शी, कुरखेडा अशा गावांत नवी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजं बसली होती. आमचा संगणक तारेवरून त्यांना आज्ञा पाठवायचा, ‘स्थिती सांगा’ म्हणून. आलेलं उत्तर वाचून पडद्यावर दाखवायचं, एवढं माझ्या प्रोग्रामचं काम. उत्तरात ‘एरर’ हा शब्द नसला की तो गावापुढे ‘ओके’ लिहायचा. आमच्या साहेबांना तो पडदा फार आवडायचा.

एकदा कुरखेड्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. सापाच्या विषावरची इंजेक्शनं संपत आली होती. ती मागवायला त्या आदल्या दिवशी फोन लावत बसल्या, शेवटी एसटीने स्वतःच चंद्रपूरला आल्या. इंजेक्शनं मिळाली होती. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून त्या तक्रार करायला आमच्याकडे आल्या.

मी पडदा पाहिला आणि त्यांना सांगितलं, कुरखेडा ओके आहे. त्यांनीही वाकून पाहिलं.

“भाऊ, थे मलेबी दिसून राह्यलं,” त्या म्हणाल्या. “पन फोन लागत असता तं मी इथी काऊन आली असती?”

मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि कुरखेड्याहून येणारी उत्तरं जशीच्या तशी छापून पाहिली. प्रत्येक वेळी एकच ओळ: ‘आज्ञा मिळाली’. तिथे आज्ञा घेणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड वेगळ्या बॅटरीवर चालायचं. ते आधी पोच द्यायचं, मग एक्स्चेंजला विचारायचं. एक्स्चेंज बंद पडलं होतं, त्यामुळे खरं उत्तर येतच नव्हतं. पोचेत ‘एरर’ हा शब्द नव्हता, म्हणून माझा प्रोग्राम खूश होता.

नर्सबाईंच्याच गाडीने आम्ही मेकॅनिक पाठवला.

मग मी प्रोग्राम बदलला. पोच वेगळी, उत्तर वेगळं. प्रत्येक आज्ञेला नंबर दिला, कारण सावलीचं उत्तर कधीकधी इतकं उशिरा यायचं की ते पुढच्याच प्रश्नाला चिकटायचं. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर ‘नो रिप्लाय’ लिहायचं.

नवा प्रोग्राम लावला आणि चामोर्शीपुढेही ‘नो रिप्लाय’ आलं. साहेब अस्वस्थ झाले. नागपूरहून कंपनीचे मालक पाहणीला येणार होते. तेवढा एक दिवस जुना प्रोग्राम लावा, असं साहेबांनी मला सांगितलं. पुन्हा कुणी एसटीने आलं तर काय सांगायचं, असं मी विचारलं. ते तुम्ही सांगा, म्हणाले.

मग त्यांचं लक्ष पडद्यावरच्या चामोर्शीच्या ओळीकडे गेलं. साहेब चामोर्शीचे. आई तिथेच राहायची.

“हे किती दिवसांपासून बंद असेल?”

ते सांगता येणार नाही, जुना प्रोग्राम ओकेच दाखवत होता, असं मी म्हणालो.

मग ते सांगू लागले. घरी फोन लागत नव्हता तेव्हा मागच्या भांडणाच्या रागाने आईने रिसीव्हर काढून ठेवलाय असं त्यांना वाटलं होतं, म्हणून त्यांनी पुन्हा लावलाच नव्हता. जुन्या प्रोग्रामचा विषय त्यांनी परत काढला नाही.

मालक आले. ‘नो रिप्लाय’वर बोट ठेवून त्यांनी अर्थ विचारला.

“तिथं काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही, असा,” साहेब म्हणाले.

मालकांनी आणखी एक मेकॅनिक मंजूर केला आणि ते जेवायला गेले.

चामोर्शीचं एक्स्चेंज सुरू झाल्यावर साहेबांनी पहिला फोन आईला लावला. ती खरंच रागावलेली होती, पण दुसऱ्याच कारणाने: फोन लागत नव्हता तर एसटीने यायचं होतं, म्हणाली.