हिरा लाभतो की नाही

लग्न जुळलं तेव्हा मी एकच हट्ट धरला होता. साक्षगंधात बोटात येईल ती अंगठी मी स्वतः निवडणार. आमच्याकडे मुलीच्या बोटाचं माप दोऱ्याने घेऊन जातात आणि अंगठी थेट मांडवात दिसते. मला ते नको होतं.

दोन महिने मी फोनवर हिऱ्यांचंच वाचत होते. आकारापेक्षा पैलू महत्त्वाचे, दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली काचही चमकते, खडा नेहमी दिवसाच्या उजेडात बघावा. गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानात मुलगा, त्याची आई आणि मी असे तिघं गेलो. दुकानदाराने आधी मोठा खडा काढला. मी भिंग मागितलं. आत काळा ठिपका होता, आणि पांढऱ्या कागदावर ठेवल्यावर खडा पिवळट दिसला. मग मी लहानशा खड्याची एक अंगठी घेऊन दारापाशी गेले. ढगाळ दिवस होता, तरी तिचा खडा आतून लखलखत होता. प्रमाणपत्रही चोख. मुलगा म्हणाला, "तुले पसंत ना? मग झालं." मी हरखले.

तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "हिरा सगळ्यायले लाभत नाही. चार दिवस घरी ठेवून पाहू."

मला वाटलं, दुकानदार नाही म्हणेल. तो म्हणाला, "ले जाइए माताजी, सब यही करते हैं." अंगठी लाल कापडात बांधून कुडव्याला त्यांच्या देवघरात गेली, आणि मी फुलचूरला हात हलवत परतले.

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. त्यांच्या बोअरची मोटर जळली. मी म्हटलं, मोटर जुनी आहे, व्होल्टेज कमी असतं, तुम्हीच तर सांगत होता. मग त्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. त्या रस्त्यावर पंक्चर व्हायला हिरा कशाला लागतो? मग त्याच्या आईचा पाय न्हाणीघरात घसरला. लागलं काही नाही, पण आता खटल्याचा निकाल लागला होता: हिरा लाभत नाही. मी भिंगातून पाहिलेलं, उजेडात पारखलेलं, सगळं पाण्यात. कुणावर ओरडावं तेच कळत नव्हतं.

त्याच्या आईला मी फोनवर समजवायला गेले. आवाज गोडच होता तिचा. "तू सांगून राहिली ते मले समजते बाई. पण घरात नवं काही आलं का लक्ष ठेवाच लागते."

संध्याकाळी त्याचा फोन आला. "अंगठी परत करून राहिलो. सोन्याची साधी घेऊ."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय वाटणार? आईचं मन राहू दे."

अंगठी गेली तर गेली, असं मी मनाशी म्हणतही होते. सोन्याचीही चालली असती. पण "लक्ष ठेवाच लागते" हे डोक्यातून जाईना. मी विचारलं, "आणि उद्या मी घरात आले, अन् मोटर जळली तर?"

तो हसेल, असं मला वाटलं होतं. चिडला असता तरी चाललं असतं. पण तो खरंच विचार करत होता. मग म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा पाहू."

मी फोन ठेवला. आई ओट्यापाशी वांगी चिरत होती. तिला सांगितलं, साक्षगंध करायचं नाही, त्यांना कळवा.

तिच्या हातातली सुरी थांबली. "काऊन वं? एका अंगठीपायी?"

पाहुण्यांना तिला हेच सांगावं लागणार, सालेकशाच्या मावशीपर्यंत सगळीकडे हेच पोचणार, हे मला दिसत होतं. बाकीचं समजावून सांगण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "अंगठीपायीच."