थंड्या टायरची हवा
तापलेल्या रबराचा वास आला की मूल गावातलं ते पंक्चरचं दुकान आठवतं. भावाची बुटकी स्पोर्ट्स कार मी हट्टानं मागून घेतली होती आणि नागपूरपासून भर उन्हात दामटत आणली होती. दुकानवाल्या बाईनं हवा मोजली, अडतीस निघाली. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर बत्तीस लिहिलेलं. "सहा सोडा," मी म्हणालो. तिनं नळी गुंडाळून ठेवली. "टायर तापले हायेत भाऊ. आता सोडली तं थंडे झाल्यावर कमी पडन, गड्ड्यात रिम जाईन. बसा, मंग नापू." शेजारच्या राईसमिलच्या सावलीत, कोंड्याच्या वासात मी तासभर धुसफुसत बसलो. मग तिनं पुन्हा मोजलं, तर काटा बरोबर बत्तीसवर. परवा दवाखान्याचा जिना चढून गेलो, तर नर्स लगेच बीपीचा पट्टा घेऊन आली. म्हटलं, "मले थंडा होऊ द्या बाई, मंग नापा."