न पाहिलेली टेप

"तुझं काम काय रे?" असं कुणी विचारलं की जयवंत सावंत म्हणायचा, "झालेलं परत दाखवणं."

ते खोटं नव्हतं. विमानतळावर कंट्रोल रूमच्या मागच्या थंडगार खोलीत त्याची सारी नोकरी झाली. बाहेर कंट्रोलर आपापल्या स्क्रीनवर विमानांचे ठिपके सांभाळायचे, आणि प्रत्येकाला स्क्रीनवर काय काय दिसलं ते आत जयवंतच्या टेपांवर उतरायचं. काही विपरीत घडलं की ती टेप काढून कपाटात कुलपात ठेवायची. साहेबांनी मागितली की तेच ठिपके तसेच पुन्हा चालवून दाखवायचे. काही घडलं नाही तर महिन्याभराने त्याच टेपेवर नवं रेकॉर्डिंग. म्हणजे बहुतेक दिवस टेपा बदलायच्या, जांभया द्यायच्या आणि एसीने धरलेली पाठ चोळायची. परळच्या चाळीत मात्र शेजारीण कौतुकाने सांगत सुटायची, "आमचो जयवंत इमानां उडयता!" खुलासा करायचा त्याने कधीच सोडून दिला होता.

गिरण्या चालत्या तर तो विमानतळाकडे फिरकलाही नसता. बाप गणपत सूतखात्यात होता, मागोमाग तोही लागला, आणि वर्षभरात संप झाला. रोज पहिल्या पाळीला बापलेक गेटासमोर जाऊन उभे राहायचे. दिवस लांबले, पोटाला चिमटे बसले, तशी काही माणसं तोंड लपवून कामावर जाऊ लागली. ती आत शिरायच्या वेळेला गणपत गेटाकडे पाठ करायचा. तो एकटाच नव्हे, चाळीतली सगळी जुनी माणसं पाठ करायची. आत गेलेल्याचं नाव सभेत निघालं तर त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही, पोरीचं ठरलेलं लग्न मोडायचं.

जयवंत वळून बघायला लागला की गणपत त्याचं मनगट धरायचा. "बघू नको. बघितलंस तर सांगूक व्हया. नाय बघितलंस तर माका म्हायत नाय म्हणूक मोकळो."

ती माणुसकीच होती. संपात गिरणगावाचं सगळं गेलं, पण ही रीत जयवंतच्या अंगात राहिली.

त्या दिवसांत सावंतांच्या घरात चूल पेटायची ती शिवडी कोळीवाड्यातल्या मंजुळाबाईच्या जिवावर. तिचा मुलगा दौलत जयवंतच्या वर्गातला. बाजार उठला की ती पाटीतली मांदेली दारात ओतायची आणि वर जयवंतच्या आईला दटावायची, "उरलीय, नासून जाईल. घेतेस का टाकू गटारात?" उरलेली मासळी इतकी ताजी नसते, हे सगळ्यांना कळत होतं. पुढे दौलत शिकून कंट्रोलर झाला, आणि टेपांच्या खोलीतली जागा निघाली तेव्हा पहिला निरोप त्यानेच जयवंतला धाडला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका सकाळी हाच दौलत पाळी संपवून टेपांच्या खोलीत आला. मंजुळाबाई इस्पितळात होती, रात्ररात्र त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तो स्टुलावर बसला.

"जया, दोन विमानं फार जवळ आली रे. त्यातलं एक मला दिसलंच नाही. दिसलं तेव्हा ओरडून वळवलं. वाचली."

"दिसलं नाही म्हणजे?"

"डुलकी लागली असणार. दुसरं काय?"

"कुणी काही बोललं?"

"अजून नाही." तो उठला. "टेपेचं मी तुला काय सांगत नाय. तुला ठीक वाटेल ते कर."

तो गेल्यावर जयवंत मशीनसमोर बसला. टेप कपाटात ठेवली तर चौकशी होणार, दौलतची नोकरी जाणार. निदान आपण तरी एकदा चालवून बघावी? त्याचा हात पुढे गेला, आणि मनगटावर बापाची पकड जाणवली. बघितलं तर सांगावं लागेल. त्याने खुर्ची फिरवली आणि मशीनकडे पाठ केली. महिन्याने ती टेप त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा रेकॉर्डिंगला लावली. मंजुळाबाईच्या मांदेलीचं ऋण थोडं फिटलं, असं वाटून तो त्या दिवशी पोटभर जेवला.

त्यातल्या एका विमानाच्या परदेशी वैमानिकाची तक्रार रखडत आली ती त्यानंतर. चौकशीत दौलतने सरळ सांगितलं, मला डुलकी लागली असावी. टेप मागितली, तर त्यावर नवं रेकॉर्डिंग झालेलं. जयवंतला कुणी दोष दिला नाही. टेप राखून ठेव म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग रडारच्या इंजिनिअरने सांगितलं, की त्या सकाळी रडारमध्ये बिघाड होता, ठिपके अधूनमधून गायब होत होते. "कदाचित विमान यांच्या स्क्रीनवर आलंच नसेल. टेप असती तर लगेच कळलं असतं."

हे जयवंतनेही ऐकलं. पण साहेब दमले होते आणि माणूस स्वतःच कबूल करत होता. दौलतला स्क्रीनवरून उठवून फायलींच्या टेबलावर बसवलं. तो पुन्हा स्क्रीनसमोर बसला नाही.

दोघे निवृत्त झाले. गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आला. समोरच्या हॉटेलात ते कधीमधी चहाला बसायचे, पण त्या सकाळचा विषय कुणी काढत नसे. एकदा दौलतचा नातू रस्त्यापलीकडून आजोबांना हाका मारत होता. दौलत जागचा हलला नाही.

"जा की, घेऊन ये त्याला," जयवंत म्हणाला.

"नको. सून आणेल. मी हात धरला आणि मध्येच डोळा लागला तर?"

जयवंतने कप खाली ठेवला. तू जागा होतास, मी टेप बघितली होती, असं ठोकून द्यावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण मग तेव्हा का गप्प बसलास, असं दौलत विचारणार.

"दौलत, ती टेप मी बघितलीच नाही रे. तुझ्यासाठीच नाही बघितली."

दौलत त्याच्याकडे वळला.

"नाही बघितलीस?" तो म्हणाला. "मला वाटलं, ठिपका स्क्रीनवर होता हे टेपेत बघून मला वाचवायला गप्प बसलास. म्हणून तर मी धरून चाललो, की झोपलोच होतो."