कुसुमचा घाटाचा ट्रॅक

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या मेडिकलच्या दुकानात एका आजोबांना पित्ताच्या गोळ्या देत होते. गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या ते सांगितलं आणि शटर ओढलं. रडू नंतर आलं, आणि त्यात दुःखापेक्षा राग जास्त होता. आता काही आठवडे उलटून गेलेत. दुःख जरा बसलंय, राग मात्र तसाच आहे.

सांगलीत आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत होती, एवढीच. तिचं माहेर साताऱ्याच्या पलीकडे, खंबाटकी घाट ओलांडून गेल्यावर. सासर कडेगावकडचं, उसाचं. नवरा सैन्यात ट्रक चालवायचा, सुभेदार होऊन घरी आला. बर्फातले रस्ते, हजार फुटांच्या दऱ्या, ब्रेक नसलेली गाडी त्यांनी कशी खाली आणली... हे सगळं आमच्या गल्लीला पाठ आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पांढरी मोटार घेतली. ती रोज स्वतः धुतात आणि किल्ली शर्टाच्या खिशात ठेवतात.

कुसुमचा मुलगा नितीन पुण्यात नोकरीला. एका दिवाळीला त्याने मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ आणला. जेवणाच्या टेबलाएवढा मोठा पट, त्यावर रस्ता, बोटाच्या पेराएवढ्या गाड्या. गिअर वाढवला की मोठा फासा टाकायचा. सरळ रस्त्यावर पळायचं, पण प्रत्येक वळणात ठरल्याइतक्या वेळा थांबायलाच हवं, नाही तर टायर झिजतात आणि टायर संपले की गाडी बाद. नितीनला वाटलं होतं, दोन दिवस खेळून आई तो माळ्यावर टाकेल. पण गुरुवारी दुपारी माझं दुकान बंद असायचं आणि कुसुम पट पसरून माझी वाट बघत असायची. पुढच्या प्रत्येक दिवाळीला साडी नको, नवा ट्रॅक आण, असं ती पोराला बजावून सांगायची. या खेळाचे जादा ट्रॅक वेगळे विकत मिळतात, आणि तिने त्यांना आपली नावं ठेवली होती. मूळ खेळाबरोबर आलेला लांब सरळ ट्रॅक म्हणजे विट्याचा रस्ता. तो तिला मुळीच आवडायचा नाही. म्हणायची, "सरळ रस्त्यावर काय, म्हस बी पळती." बंदराच्या गावातल्या अरुंद गल्ल्यांचा ट्रॅक म्हणजे आमच्या सांगलीची गणपती पेठ; तिथे ती मला मुद्दाम कडेला दाबायची आणि वर "हळदीचा टेम्पो आलाय, थांबा शोभाताई" म्हणायची. ओल्या रस्त्याचा एक जंगलातला होता, तो माझा आवडता, कारण तिथे सावध माणूस जिंकतो. आणि तिचा सगळ्यात लाडका डोंगरातला. एकामागून एक उलटसुलट वळणं, दम खायला जागा नाही. त्याला ती खंबाटकी म्हणायची. त्यावर मी तिला एकदाही हरवलेलं नाही. कुठल्या वळणात कुठल्या गिअरने शिरायचं हे ती फासा हातात घेण्याआधीच ठरवून बसलेली असायची.

खरी गाडी चालवायची होती तिला. स्वतः चालवत, घाट चढून माहेरी जायचं होतं. बाकी काही नाही. सुभेदार ऊसतोडीसाठी गावी गेले असताना तिने ड्रायव्हिंग क्लास लावला, परीक्षा दिली, लायसन काढलं. ते परत आल्यावर मोठ्या हौसेने दाखवलं. मी तिथेच होते. त्यांनी ते लायसन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "क्लासच्या गाडीला दोन ब्रेक असतात. दुसरा मास्तरच्या पायाखाली. लायसन त्याला मिळालंय."

"आवं, मग तुमी बसा की शेजारी. दुसरा ब्रेक तुमचा," ती म्हणाली.

"घाट म्हणजे कागद न्हाई, कुसुम."

त्यानंतर लायसन रेशनकार्डाच्या पिशवीत जाऊन पडलं. माहेरी जायचं ते त्यांना सवड असेल तेव्हा, नाही तर एसटीने. आई आजारी पडली तेव्हाही एसटीनेच गेली आणि आई बोलायची बंद झाल्यावर पोचली. मला म्हणाली, "मला त्या रस्त्याचं वळण न् वळण म्हाईत हाय शोभाताई. फकस्त किल्ली न्हाई." हसत म्हणाली. तिचं ते हसणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

मग पोटाचं दुखणं निघालं, तेही हाताबाहेर गेल्यावर. मिरजेच्या दवाखान्यात मी समोर असताना तिने नवऱ्याला विचारलं, घरी गेल्यावर एकदा, गल्लीतल्या गल्लीत तरी... ते म्हणाले, "आधी बरी हो." प्रेमानेच म्हणाले असतील. मला त्या प्रेमाचं काय करायचं ते कळत नाही.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळ्यांवर माझा विश्वास नाही, पण तिथे जमलेल्या सगळ्यांचा होता. ऊन चढत चाललं होतं. नितीनचं लग्न यंदाच करू, असं सुभेदार हात जोडून म्हणाले. गावच्या देवळात तिच्या नावाने घंटा बांधू. तिच्या माहेरच्यांची साडीचोळी चुकवणार नाही, असं तिच्या दिरांनी सांगितलं. कावळा आपला पायरीवर बसून चोच घासत होता. शेवटी मीच पुढे झाले. म्हटलं, "सुभेदार, तिला गाडी चालवायची होती, तुम्हालाही माहीत आहे. घरात येईल त्या सुनेला किल्ली देईन, एवढं म्हणा."

दीर म्हणाले, "ताई, ही काय वेळ हाय का?"

सुभेदारांनी नदीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "सुनेचं, सून आल्यावर बघू."

लग्न, घंटा, साडी, सगळं एका दमात कबूल झालं होतं. एवढं एक मात्र मेलेल्या बायकोचं मन राखायला, खोटं का होईना, सुभेदारांच्या तोंडून निघालं नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, सगळ्यांनी आंघोळी केल्या, आणि सुभेदार आम्हाला त्याच गाडीतून घरी घेऊन आले. फार सफाईने चालवतात.

नितीन पुण्याला परत जाताना तो खेळ माझ्याकडे ठेवून गेला. मागच्या गुरुवारी मी डोंगरातला ट्रॅक टेबलावर पसरला आणि कुसुमची निळी गाडी माझ्या सुनेच्या हातात दिली. तिने पहिल्याच वळणात चौथा गिअर टाकला, टायर संपवले आणि सरळ दरीत गेली. मी पट पुन्हा मांडला.