भूल देणाऱ्या शैलाताई

अंधेरीच्या तहसील कचेरीबाहेर माझे टेबल आहे. गेल्या महिन्यात तिथेच एका वारसदाखल्याचा मजकूर चालू असताना सौभाग्यवती सुनंदाचा फोन आला. "अहो, शैलाताई गेल्या..." एवढेच ती बोलली. मग बराच वेळ फोनवर फक्त तिचा श्वास ऐकू येत राहिला. खोल, मोकळा, कुठेही न अडखळणारा श्वास. तो ज्यांनी राखला, त्या डॉक्टर शैलाताईंविषयी लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी अर्ज, विनंत्या व तक्रारी लिहिण्यात हयात गेली आहे, आणि भलेभले अधिकारी माझा मजकूर दोनदा वाचतात. तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवणे मला योग्य वाटले नाही.

शैलाताई पालिकेच्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ होत्या. पुतणीच्या बारशाला विडा खाताना सुनंदा खळखळून हसली आणि सुपारीचे खांड श्वासनलिकेत गेले, तिथून या ओळखीला सुरुवात झाली. कित्येक आठवडे तो धुळीचा खोकला समजून आम्ही तिला काढे पाजले. अखेर तपासणीत खरा प्रकार उघड झाला. पूर्ण भूल देऊन, तोंडावाटे दुर्बीण घालून ते खांड काढणे आवश्यक होते. शस्त्रक्रियागृहाच्या दारात स्ट्रेचरवरची सुनंदा माझी बाही सोडत नव्हती. शैलाताईंनी तिचे गाव विचारले आणि दोघीही मालवणकडच्या निघाल्या. "गो, घराक गेल्यार पयला काय रांधतलंस?" त्यांनी विचारले. सुनंदाने शिंपल्यांचा आपला आवडता पदार्थ सांगितला, "तिसऱ्यांचा सुक्का." "मगे माका वाटीभर ठेव हां!" असे म्हणत त्या तिला आत घेऊन गेल्या.

अपेक्षेपेक्षा फार लवकर दार उघडले. शैलाताई बाहेर आल्या व माझ्या शेजारी बाकावर बसल्या. "भाऊ, खोटं सांगणार नाही. वहिनी शुद्धीवर आल्यात, पण सुपारी आतच आहे. तिच्या मागे घट्ट कफ साठला होता. दुर्बीण लागली तसा तो सुटला आणि वाट बुजली. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटून गेला. ऑक्सिजन उतरायला लागला, तेव्हा मी सर्जनना म्हटलं, थांबा, दुर्बीण बाहेर घ्या. कफ ओढून काढला, मग हाताने पिशवी दाबून हवा भरली... अगदी हळू. घाई केली असती तर फुप्फुसाला इजा झाली असती. आता उघडलंय. दोन दिवस त्यांना सावरू दे, मग पुन्हा करू."

'पुन्हा' हा शब्द ऐकताच मी पिशवीतून कागद-पेन काढले. अशा प्रसंगी इतर माणसे देवाचा धावा करतात. मी अर्ज लिहिला. रुग्णालयाच्या जिन्यात बसून, सन्माननीय वैद्यकीय अधिकारी यांस, अर्जदाराच्या पत्नीस दुसऱ्यांदा भूल देण्यात येऊ नये व औषधोपचारांनीच गुण आणावा, अशी सविस्तर विनंती केली. शैलाताईंनी तो उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला.

"भाषा झकास आहे हो," त्या म्हणाल्या. "पण भाऊ, तुमच्या टेबलावर कोणी आलं, तर त्याला न विचारता त्याचा अर्ज लिहिता का?"

"छे! अर्जदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय मी लेखणी उचलत नाही."

"मग फुप्फुस कोणाचं आहे?"

अर्ज हातात तसाच घेऊन त्या वळल्या. आम्ही दोघे सुनंदाच्या खाटेपाशी गेलो. सुपारी तशीच राहिली तर फुप्फुस सडत जाईल, आणि काढताना ते पुन्हा मिटू शकेल, दोन्ही गोष्टी शैलाताईंनी तिला सरळ सांगितल्या, आणि माझा अर्जही दाखवला. सुनंदाने तोंडावरचा मास्क बाजूला केला. आधी माझ्याकडे पाहिले. "तुमका कोणी सांगितल्यान अर्ज लिवूक? गप र्‍हवा!" मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "ताई, करा. पण पिशवी तुमच्याच हातात व्हई."

ते दोन दिवस सुनंदाकडून दीर्घ श्वास घेववण्यात आले, पाठीवर थापट्या मारून कफ सुटा करण्यात आला. दुसऱ्या खेपेसही फुप्फुसाचा तो भाग मिटू लागलाच. "मिटू दे म्हटलं, मी वाटच बघत होते," असे शैलाताईंनी नंतर सांगितले. दर थोड्या वेळाने त्या सर्जनना थांबवत, हवा भरत, आणि ऑक्सिजनचा आकडा वर आला की मगच पुढे जाऊ देत. सुपारी निघाली. ती पाहून त्या म्हणाल्या, "एवढीशी! आणि केवढा तमाशा!"

वाटीभर सुक्क्याचे वचन सुनंदाने वर्षानुवर्षे पाळले. शैलाताई जोगेश्वरीला आमच्या खोलीत येत, चपला काढता काढताच विचारत, "काय भाऊ, आज कोणाचा संसार परस्पर लिहून टाकलात?" सुनंदा हसे, आणि हसताना तिला खोकला येत नसे. शेवटच्या भेटीत त्या थकलेल्या दिसल्या, तरी त्यांनी दोनदा वाढून घेतले...

परवा एक गृहस्थ आपल्या वृद्ध आईला घेऊन टेबलाशी आले. आईची खोली स्वतःच्या नावावर करून घ्यायची होती. मजकूर त्यांना तोंडपाठ होता, आई मागे उभी होती. मी तिला खुर्ची दिली. "आजी, तुमचं काय म्हणणं आहे?" मुलगा चिडला, "तिला काय विचारताय? तिला काही कळत नाही!" मी हात वर करून त्याला थांबवले व वाट पाहिली. आजीने एक लांब श्वास घेतला.

"नावावर कर की, बाबा," ती म्हणाली. "पण खिडकीजवळची खाट माझी. वारा येतो तिथं."

अर्जात खाटेचे ते वाक्य मी सर्वांत आधी घातले.