टोपीतून आलेला सवाल

आमचे हे झरीच्या बाजारपेठेत कापड विकायचे, आणि कापडापेक्षा गप्पाच जास्त. नेमका त्यांनाच नसांचा आजार जडला. आधी हात गेले, मग पाय, शेवटी जीभ. पापणीसुद्धा मनासारखी हलेना. डोकं मात्र लख्ख.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, श्वास कमी पडू लागला की गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल, मग कायमचं मशीन. घालायची की नाही ते आधीच ठरवा. दीर म्हणाला, "घालायचीच. ह्यात काय इचारायचं?" मला मात्र ज्याचा गळा त्यालाच विचारायचं होतं.

अशात संशोधन करणाऱ्या मंडळींनी थोड्या दिवसांसाठी तारांची एक टोपी आणून दिली. पडद्यावर अक्षरं चमकायची. ह्यांनी मनात धरलेलं अक्षर चमकलं की मेंदूतली लहर टोपी पकडायची. शब्द जुळला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा. एका शब्दाला चहा निवून जाई, आणि दमून त्यांचे डोळे आपोआप मिटत.

मग घरात जत्रा भरली. पिंगळी गावचे पाहुणे आले, चुडाव्याचे आले, हातात बिस्किटाचे पुडे. "दादा, वळखलं का मला? माझं नाव लिवा की!" नाव उमटलं की टाळ्या, फोटो, वर चहा. आजाऱ्याला भेटायला आलेल्याला दारातून परत लावायचं नाही, ही आमची रीत. जळो ती रीत! सगळ्यांची नावं लिहून झाली की माझ्या वाट्याला मिटलेले डोळे यायचे.

मंडळी टोपी परत न्यायला येणार होती, त्या सकाळी मी आतून कडी घातली. बाहेरून दीर ओरडला, "वहिनी, आत्याबाई आल्यात, दार उघडा!"

"बसवा त्यांना. न्हाई तर जाऊ द्या."

मग ह्यांच्याजवळ बसून विचारलं, "आवो, गळ्यात नळी घालू द्यायची का?"

बऱ्याच वेळानं माझ्या मांडीवरचा फोन वाजला. 'तुला झेपल का'

मला असा राग आला की सांगता सोय नाही. जीव ह्यांचा जायला लागला होता आणि काळजी माझ्या कंबरेची! "झेपंल," मी म्हणाले. "लय झेपंल. तुमी माझं बघू नका."

पुन्हा अक्षरं चमकत राहिली. फोनवर आलं, 'खोट'.

मी ढसाढसा रडले, कारण ते बरोबर होतं. मी पार मोडून गेले होते आणि कुणाजवळ बोलले नव्हते. रडत असतानाच आणखी एक शब्द आला. 'नको'.

दार उघडून मी दिराला फोन दाखवला. तो खाली बसला.

नळी घातली नाही. पावसाळा सरता सरता ते गेले. ते 'नको' त्यांच्या जिवासाठी होतं की माझ्यासाठी, हे मला विचारायचं होतं. पण मी डोळे पुसेपर्यंत टोपी न्यायला आलेली माणसं घरात शिरली होती.